चौदा वर्षांचे विधुर आणि १८०ची मर्यादा

१९५० सालच्या अमेरिकी जनगणनेच्या छापील तक्त्यांत एक विलक्षण आकडा होता. चौदा वर्षे वयाच्या विधुर मुलग्यांची संख्या दीड हजारांहून अधिक! वय वाढेल तशी ही संख्या वाढावी. पण पुढच्या काही वर्षांत ती उलट घटत जाते, आणि चौदाव्या वर्षीच्या आकड्याला ती ओलांडते थेट बाविसाव्या वर्षी. कोणत्या साथीने चौदा वर्षांच्या मुलांच्या बायका एवढ्या संख्येने नेल्या असतील?

या कोड्याचा उलगडा ॲन्सली कोल आणि फ्रेडरिक स्टीफन या दोन अभ्यासकांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात केला. साथ वगैरे काही नव्हती. काही थोडी पंचकार्डे एक घर उजवीकडे सरकून छिद्रांकित झाली होती, एवढेच.

कार्डाची रचना लक्षात घेतली की सारे स्पष्ट होते. त्या काळच्या पंचकार्डावर ८० रकाने असत. प्रत्येक रकान्यात एक छिद्र, म्हणजे एक अंक किंवा संकेत. जनगणनेच्या कार्डावर कुटुंबप्रमुखाशी नाते, वंश, लिंग, वयाचे दोन अंक, वैवाहिक स्थिती असा क्रम होता. आता त्रेचाळीस वर्षांच्या एका पुरुषाचे कार्ड एक घर सरकले आहे असे समजा. पुरुषाचा संकेत १. तो वयाच्या दशकाच्या जागी जाऊन बसतो. त्रेचाळिसातला ४ एककाच्या जागी येतो. वय झाले चौदा. उरलेला ३ वैवाहिक स्थितीच्या रकान्यात पडतो, आणि असा सरकलेला अंक विधुराच्या संकेताशी जुळला की चाळिशीतल्या गृहस्थाचा चौदा वर्षांचा विधुर होतो. पन्नाशीतले पुरुष पंधरा वर्षांचे होतात, साठीतले सोळा वर्षांचे. चाळिशीतले लोक साठीतल्या लोकांपेक्षा अधिक असतात. म्हणूनच तक्त्यात वयाबरोबर विधुर कमी होत गेले. याच सरकण्यात नात्याचा संकेत वंशाच्या रकान्यात गेला, आणि किशोरवयीन व विशीतील अमेरिकन इंडियनांची संख्याही कागदावर अकारण फुगली.

या प्रकरणाची खरी गंमत पुढेच आहे. त्या कार्डावरचा एकेक रकाना स्वतंत्रपणे तपासला तर दोष सापडत नाही. चौदा हे वय असू शकते. विधुर ही स्थिती असू शकते. दोन्ही नोंदी नियमात बसतात. अशक्य आहे ते त्यांचे हजारांच्या संख्येने एकत्र येणे. पंधरा कोटींहून अधिक माणसांच्या मोजणीत ही कार्डे म्हणजे चिमूटभर मीठ. एकूण लोकसंख्येला त्यांनी धक्काही लावला नाही. पण चौदा वर्षांच्या विधुरांचा रकाना मुळात जवळजवळ रिकामाच असायचा. तिथे ती चिमूट म्हणजेच सारा पदार्थ झाली.

पंचकार्डे इतिहासजमा झाली, तरी त्यांची सवय गेली नाही. मजकुराच्या फाइलमध्ये एका ओळीत एक नोंद लिहायची आणि कोणता आकडा कितव्या घरात ते आधी ठरवून ठेवायचे, ही ८० घरांची शिस्त कार्डांवरूनच संगणकात आली. आजही अशी फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला आरंभी आकडा दिसत नाही; दिसतात ती अक्षरे. ‘३००’ ही त्याच्या दृष्टीने तीन चिन्हे. ती खरोखर अंकच आहेत ना, हा पहिला प्रश्न. आलेली संख्या शक्य कोटीतली आहे ना, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर यंत्र स्वतः देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर मात्र कोणीतरी माणूस आधीच लिहून ठेवतो: अमुक संख्येच्या खाली असेल तर संशय घ्यावा. ही ‘अमुक संख्या’ त्या माणसाच्या काळाच्या ज्ञानातून येते. १९८०च्या दशकात अशाच एका संख्येवरून एक मोठे प्रकरण घडले.

अंटार्क्टिकावरील हॅली बे या ब्रिटिश तळावर १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डोक्यावरच्या ओझोनची मोजणी चालू होती. ती ‘डॉबसन एकका’त मांडली जाते. माथ्यावरचा सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणि शून्य अंश तापमानात आणून पसरला, तर साधारण तीन मिलिमीटर जाडीचा थर होईल. हे झाले ३०० एकक. तळावरच्या नोंदी हाताने कागदावर लिहिलेल्या असत आणि त्यांचे गठ्ठे केंब्रिजला साठत. १९७७ साली ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेमध्ये रुजू झालेला तरुण जोनाथन शँक्लिन याच्याकडे या साठलेल्या नोंदी संगणकात आणण्याचे आणि त्यांचे गणित करणारे प्रोग्रॅम लिहिण्याचे काम आले. कंटाळवाणे काम, पण याच कंटाळवाण्या कामातून दिसू लागले की दर ऑक्टोबरात, म्हणजे तिथल्या वसंतात, ओझोन खाली खाली जात आहे. प्रारंभीच्या वर्षांतील तीनशेच्या आसपासचा आकडा १९८४पर्यंत दोनशेच्या आसपास आला होता.

गटाचा ज्येष्ठ शास्त्रज्ञ जो फार्मन सावध होता. दोष आकाशात नसून जुन्या झालेल्या उपकरणात असेल, ही शंका आधी फेडायला हवी होती. नवे उपकरण तळावर पाठवण्यात आले. त्यानेही तेच सांगितले. आणखी उत्तरेला असलेल्या आर्जेंटाइन आयलंड्स तळाच्या नोंदीही तपासल्या गेल्या. तिथेही घट होती, फक्त कमी. मे १९८५मध्ये फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि शँक्लिन यांचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैज्ञानिक जगात खळबळ उडाली.

सर्वांच्या ओठी एकच प्रश्न होता. १९७८पासून नासाचा ‘निम्बस-७’ हा उपग्रह साऱ्या पृथ्वीवरचा ओझोन मोजत होता, रोज सुमारे दोन लाख मोजण्या करत होता. त्याला हे दिसले कसे नाही? यावर एक चटपटीत उत्तर तेव्हापासून आजतागायत फिरत आहे: नासाच्या संगणकाने कमी आकडे चुकीचे ठरवून फेकून दिले. ही कथा ऐकायला फार सुरेख आहे. ती खरी असती तर धडाही सोपा झाला असता.

प्रत्यक्षात घडले ते निराळे, आणि अधिक विचार करायला लावणारे. उपग्रहाची माहिती वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १८० एककांची खालची मर्यादा होती. तोवर एवढा कमी ओझोन कोणीही मोजलेला नव्हता. त्यामुळे मर्यादा गैरवाजवी म्हणता येत नाही. तिच्याखालचे आकडे प्रोग्रॅम पुसत नसे. त्यांच्यावर संशयाची खूण करून तो त्यांना बाजूला ठेवी. १९८४च्या उन्हाळ्यात या चमूच्या लक्षात आले की १९८३च्या ऑक्टोबरातील माहितीत या खुणा एकाएकी वाढल्या आहेत, आणि त्या विखुरलेल्या नसून अंटार्क्टिकावरच एकवटल्या आहेत. चूक असती तर ती अशी एका जागी, एका ऋतूत गोळा झाली असती का?

मग त्यांनी जे केले ते कोणताही काळजीवाहू माणूस करील. जमिनीवरून झालेली स्वतंत्र मोजणी पाहिली. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळाची नोंद होती ३०० एकक. आकडा मर्यादेत बसणारा, अपेक्षेप्रमाणे आणि दिसायला निर्दोष. तोच चुकीचा होता! तळावरच्या उपकरणाची जुळणी बिघडलेली होती. म्हणजे संशयाची खूण ज्यांच्यावर होती ते आकडे खरे होते, आणि ज्याच्यावर कोणी संशय घेतला नाही तो खोटा. या गुंत्यात चमूचे काही महिने गेले.

फार्मनचा निबंध आला तेव्हा नासाचे शास्त्रज्ञ रिकाम्या हातांनी बसलेले नव्हते. ऑगस्ट १९८५मध्ये प्राग येथील परिषदेत पवन भारतिया यांनी उपग्रहाच्या माहितीवरून काढलेला नकाशा मांडला. हॅली बेवरून दिसले होते ते एका ठिकाणचे आकाश. नकाशात ओझोनचा तोच ऱ्हास अंटार्क्टिका खंडाएवढा पसरलेला दिसत होता. ‘ओझोनचे छिद्र’ हे शब्द जगाच्या तोंडी बसले. शेरवूड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ सालीच शीतकपाटांतल्या व फवाऱ्यांतल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंबद्दल इशारा दिला होता. आता त्याकडे दुर्लक्ष करणे कठीण झाले, आणि सप्टेंबर १९८७मध्ये माँट्रियल करारावर सह्या झाल्या.

प्रागचा नकाशा काढता आला तो एका साध्या निर्णयामुळे. उपग्रहाचा तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मर्यादेबाहेरचा आकडा शून्य करून टाकला नव्हता, ‘बरोबर’ वाटेल अशा सरासरीने त्याची जागा भरली नव्हती, ओळच गाळलीही नव्हती. मूळ मोजणी जशीच्या तशी ठेवून तिच्याशेजारी फक्त एक खूण केली होती. त्यामुळे मर्यादा बदलून सारी वर्षे नव्याने वाचणे शक्य झाले. १९५०च्या सरकलेल्या कार्डांच्या वाट्याला अशी एकही खूण आली नव्हती. ती थेट छापील तक्त्यांत गेली आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिली.