क्लॉज मेल

क्लॉज मेल हा लिनक्स, विंडोज आदी संगणक प्रणालींवर चालणारा, मुक्त स्रोत असलेला व वजनाने हलका ईमेल प्रोग्राम आहे. तो सी भाषेत लिहिलेला असून ग्नू सार्वजनिक परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली वितरित केला जातो. ईमेल ब्राउझरमध्ये न वाचता स्वतःच्या संगणकावर उतरवून घेणे, संदेश आणि उत्तरे स्वतंत्र खिडक्यांत उघडणे आणि केवळ साधा मजकूर पाठवणे ही त्याची ठळक वैशिष्ट्ये होत. कमी स्मृतीचे जुने संगणक, रखडणारी जोडणी आणि अवेळी जाणारी वीज अशा परिस्थितीत ती विशेष उपयोगी ठरतात.

इतिहास

जपानी प्रोग्रामर हिरोयुकी यामामोतो यांनी २००० साली सिल्फीड हा ईमेल प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यात नव्या सोयी आजमावून पाहण्यासाठी २००१ मध्ये ‘सिल्फीड-क्लॉज’ ही प्रायोगिक शाखा सुरू झाली. पुढे दोन्हींच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि नोव्हेंबर २००६ मध्ये या शाखेने ‘क्लॉज मेल’ हे नाव घेतले.

खिडक्यांची मांडणी

मुख्य खिडकीत फोल्डर, संदेशांची यादी व निवडलेला संदेश असे तीन भाग असतात. प्रत्येक उत्तर मात्र वेगळ्या खिडकीत लिहिले जाते. वाचावयाचा संदेशही स्वतंत्र खिडकीत उघडता येतो आणि पत्त्यांच्या वहीची खिडकी निराळी असते.

कार्यालयीन कामात या मांडणीचे मोल कळते. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांत पसरलेले आहे. अशा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील लिपिकाला परीक्षेच्या दिवसांत एक परिपत्रक समोर ठेवून दुसऱ्याचे उत्तर लिहावे लागते आणि तेवढ्यात तिसऱ्याच पत्राचा जुना संदर्भ शोधावा लागतो. तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी मांडल्या की अर्धवट मसुदा मिटवून मागे जाण्याची वेळ येत नाही. लिहिलेला मजकूर ठरावीक अक्षरांमागे मसुद्यांच्या फोल्डरमध्ये आपोआप जतन करण्याची सोयही आहे. भारनियमनाचा अनुभव असलेल्या गावात ती सुरू ठेवणे शहाणपणाचे.

जुळवणी

प्रोग्राम प्रथम उघडताच नाव, ईमेल पत्ता, टपाल घेण्याचा सर्व्हर आणि टपाल पाठवण्याचा सर्व्हर यांची माहिती क्रमाने विचारली जाते. येथे खरा निर्णय एकच असतो, तो म्हणजे आयमॅप घ्यावे की पॉप. आयमॅपमध्ये टपालाची मूळ प्रत सर्व्हरवर राहते, त्यामुळे तेच खाते मोबाइलवरही पाहता येते; सुरक्षित जोडणीसाठी सहसा ९९३ क्रमांकाचे पोर्ट वापरतात. पॉपमध्ये (पोर्ट ९९५) टपाल संगणकावर उतरते आणि खात्याच्या मांडणीनुसार सर्व्हरवरून पुसलेही जाते. एकच खाते अनेक जण वापरत असतील, तर ‘सर्व्हरवरून संदेश काढून टाका’ हा पर्याय आधी तपासून घ्यावा. नाहीतर एका टेबलावरच्या संगणकाने उचललेले पत्र दुसऱ्या टेबलावर कधीच पोहोचत नाही आणि ते आलेच नव्हते असा समज होतो.

जोडणी नसतानाही काम चालू ठेवता येते. लिहिलेली पत्रे रांगेच्या फोल्डरमध्ये ठेवावीत. जोडणी आल्यावर ती एकत्र रवाना करता येतात. आयमॅपचे जुने टपाल जोडणीविना वाचायचे असेल, तर त्या त्या फोल्डरच्या गुणधर्मांत तशी खूण आधीच करून ठेवावी लागते.

टपालाची साठवण

स्थानिक टपाल एमएच पद्धतीने साठवले जाते. ही पद्धत अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. तीत प्रत्येक संदेश ही क्रमांक दिलेली स्वतंत्र फाइल असते. संपूर्ण फोल्डर एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये लिहिता लिहिता वीज गेल्यास ती फाइलच धोक्यात येते; येथे बहुधा एखाद्या संदेशावर निभावते. शिवाय हे संदेश क्लॉज मेल नसतानाही कोणत्याही मजकूर संपादकात उघडता येतात. या सोयीची किंमत बॅकअपच्या वेळी मोजावी लागते. हजारो लहान फाइली पेनड्राइव्हवर उतरवण्यास वेळ लागतो व जागाही अधिक जाते. त्यामुळे टपालाचे फोल्डर आधी झिप करून मगच उतरवावे.

मराठी मजकूर

क्लॉज मेलमधून केवळ साधा मजकूर जातो. अक्षरांचा रंग, आकार आणि मुख्य म्हणजे फाँटचे नाव संदेशासोबत जात नाही. युनिकोड मराठीला याने काहीच बाधा येत नाही. मात्र श्री-लिपीसारख्या संचांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर लिहिण्याच्या खिडकीत चिकटवला, तर समोरच्याला रोमन अक्षरे व चिन्हांची खिचडी दिसते, मग त्याच्याकडे तो फाँट असो वा नसो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा किंवा फाइल म्हणून जोडावा.

पाठवण्याच्या पर्यायांत अक्षरसंकेत यूटीएफ-८ असा निश्चित करणे हिताचे. वाहतुकीसाठीचा संकेतही निवडता येतो आणि मराठीत तेथे फरक पडतो. ‘नांदेड’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटांचा होतो. बेस६४ संकेतात तो २४ चिन्हे घेतो, तर कोटेड-प्रिंटेबलमध्ये ५४.

मर्यादा

रंगीत, कोष्टके असलेली पत्रे येथे तयार करता येत नाहीत. आलेली पाहण्यासाठी वेगळे प्लगिन लागते. ही उणीव काहींना सोयीची वाटते, कारण जाहिरातींच्या पत्रांतील दूरस्थ चित्रे त्यामुळे आपसूक उतरत नाहीत.

मोठी अडचण निराळी आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नेहमीच्या पासवर्डवर चालणारा बाह्य प्रोग्रामांचा प्रवेश बंद केला. तेव्हापासून जीमेलसाठी द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. दुसरा मार्ग ओऑथ २ चा. क्लॉज मेलच्या अलीकडील आवृत्त्यांत तो उपलब्ध आहे, परंतु त्यासाठी लागणारी ओळखसंख्या वापरकर्त्याने स्वतः मिळवावी लागते आणि हे काम सामान्य कार्यालयीन वापरकर्त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. जुन्या संगणकावर जुनीच आवृत्ती ठेवणाऱ्यांपुढे ॲप पासवर्डाचाच पर्याय उरतो. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल ॲप पासवर्डही रद्द करते; तेव्हा नवा घेऊन तो टपाल घेण्याच्या आणि पाठवण्याच्या अशा दोन्ही मांडण्यांत भरावा लागतो.