वस्तीची घनता आणि रस्ते-सिग्नलच्या देखभालीचा खर्च

शहरातील रस्ते व पूल हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने ही अनुसूची जोडली गेली. शहरातील अंतर्गत रस्त्यांची देखभाल बहुतेक ठिकाणी पालिकाच करते आणि तिचा खर्च मुख्यतः तुमच्या मालमत्ता करातून व राज्याच्या अनुदानातून भागवला जातो.

तुमच्या वाट्याला किती खर्च येतो?

समजा, एक किलोमीटर रस्त्याच्या देखभालीला वर्षाला 5 लाख रुपये लागतात (हा आकडा केवळ उदाहरणापुरता). रस्त्यालगत 100 बंगले असतील तर प्रत्येक घरामागे 5,000 रुपये पडतात. त्याच रस्त्यावर 1,000 सदनिका असतील तर 500 रुपये. दाट वस्तीत वर्दळ जास्त, गटार-केबलसाठी खोदकामही वारंवार, त्यामुळे खर्च वाढतो हे खरे. पण तो तिप्पट धरला तरी घरामागे 1,500 रुपयेच होतात.

विरळ वस्तीतला रस्ता वापर कमी म्हणून टिकतो, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ऊन आणि पावसाचे पाणी डांबराला वर्दळ नसतानाही खराब करतात. शिवाय झीज वाहनांच्या संख्येपेक्षा वजनावर अवलंबून असते: आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान ढोबळमानाने सोळापट होते. दुचाकी आणि मोटारींनी रस्ता फारसा खचत नाही. शहराच्या कडेला नवीन ले-आउटमध्ये मात्र नळजोडणी येईपर्यंत रोज पाण्याचे टँकर आणि बांधकामाचे डंपर फिरतात. म्हणजे कर भरणारी घरे थोडी असतानाच रस्त्याला सर्वाधिक मार बसतो.

सिग्नलचा हिशेब चौकागणिक असतो. दिवे, नियंत्रक पेटी, केबल, वीज आणि देखभालीचे कंत्राट यांचा खर्च चौकातून 500 वाहने गेली काय किंवा 5,000 गेली काय, जवळपास तेवढाच राहतो. दाट भागात सिग्नल जास्त लागतात, पण प्रत्येकाचा भार अनेक घरांत वाटला जातो.

योजनांतून काय मिळते?

2015 मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी मिशनमध्ये 100 शहरे होती आणि केंद्राकडून प्रत्येक शहराला 500 कोटी रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. अनेक शहरांनी त्यातून आधुनिक सिग्नल आणि नियंत्रण कक्ष उभारले. 31 मार्च 2025 रोजी मिशन संपले. यंत्रणा चालू ठेवण्याचा खर्च आता शहरांनाच करायचा आहे. अमृत 2.0 चा भर पाणीपुरवठा आणि सांडपाण्यावर आहे, त्यातून सिग्नल दुरुस्तीची अपेक्षा ठेवू नका.

घर किंवा प्लॉट घेण्यापूर्वी

ले-आउटमधील रस्ते पालिकेकडे हस्तांतरित झाले आहेत का, हे विकासकाला लेखी विचारा. झाले नसतील तर खड्डे बुजवण्याचा खर्च रहिवाशांच्या गळ्यात पडू शकतो. विकासकाचे उत्तर पालिकेकडून पडताळायचे असेल तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 नुसार अर्ज करा; उत्तराची सर्वसाधारण मुदत 30 दिवस आहे.