परमा : उपचार आणि औषधांना सरावलेला जिवाणू

परमा (गनोरिया) हा लैंगिक संबंधातून पसरणारा रोग आहे. त्याचा जिवाणू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला. पुरुषांमध्ये लघवीची जळजळ व मूत्रमार्गातून पू येणे ही लक्षणे सहसा काही दिवसांतच दिसतात. स्त्रियांना मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. संसर्ग बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचतो आणि कित्येकदा वंध्यत्वाच्या तपासणीतच त्याचे परिणाम उघड होतात.

या रोगावरील उपचारांचा इतिहास म्हणजे एकेक औषध गमावण्याचा इतिहास होय. १९३० च्या दशकात आलेली सल्फा औषधे दहा वर्षांतच निष्प्रभ ठरू लागली. पुढे पेनिसिलिन आले. आरंभी सुमारे दीड लाख युनिट पुरत. १९७० च्या दशकात ४८ लाख युनिट द्यावी लागू लागली. १९७६ मध्ये तर पेनिसिलिनचे विघटन करणारे विकर तयार करणारे जिवाणूच आढळले. टेट्रासायक्लिनची गत निराळी झाली नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांची शिफारस अमेरिकेने २००७ मध्ये मागे घेतली. २०१२ मध्ये सेफिक्झिमच्या गोळीलाही तेथे पहिल्या पसंतीचे स्थान उरले नाही.

आता मुख्य भिस्त सेफ्ट्रियाक्सोनवर आहे. अमेरिकेतील २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना त्याचे ५०० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन स्नायूत देतात. क्लॅमिडियाचा संसर्ग नसल्याची खात्री नसेल, तर सोबत डॉक्सिसायक्लिन सात दिवस दिले जाते. गरोदर स्त्रियांना मात्र डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात अशा लक्षणांसाठी सेफिक्झिम व अॅझिथ्रोमायसिन यांचा करड्या रंगाचा संच रूढ झाला. लक्षणांवरून तत्काळ उपचार करण्याची ही सोय मोठी खरी. पण लक्षणेच नसलेली स्त्री तिच्या कक्षेबाहेर राहते.

औषधांच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांनी पू थांबला, तरी जिवाणू शिल्लक राहू शकतो. घशातील संसर्ग विशेष चिवट असतो; म्हणून उपचारांनंतर एक-दोन आठवड्यांनी फेरतपासणी करतात. जोडीदारावरही उपचार आवश्यक असतात. अन्यथा बऱ्या झालेल्या रुग्णाला तोच रोग पुन्हा जडतो.

सेफ्ट्रियाक्सोनलाही दाद न देणारा जिवाणू २००९ मध्ये जपानमधील क्योटो येथे आढळला होता. त्यामुळे झोलिफ्लोडॅसिन व गेपोटिडॅसिन या तोंडाने घ्यावयाच्या नव्या औषधांकडे वैद्यकविश्वाचे लक्ष आहे. या दोहोंना २०२५ मध्ये परम्यावरील उपचारांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.