शिंकेचा साक्षीदार

एक शिंक आली की आपल्याकडे बाहेर निघालेला माणूस पाऊल मागं घेतो. लागोपाठ वीस आल्या की शेजारी निदान करायला जमतात. त्यात नेहमी एखाद्या झाडाचा बळी जातो.

शिंकेला पुरावा मिळवायला शास्त्रज्ञांनीही काही कमी टोचून घेतलं नाही. १९२१ साली जर्मनीत क्युस्टनर नावाच्या डॉक्टरना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झ या सहकाऱ्यानं स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर गांध उठली! दोष रक्तात होता हे ठरलं. पण तो कोणता पदार्थ, हे कळायला १९६६ उजाडलं. अमेरिकेत इशिझाका या जपानी नवरा-बायकोनं तो हुडकला. प्रयोगाला पाठी स्वतःच्याच. (टोचणी आपल्या संसारातही चालते, पण त्यातून शास्त्र निघाल्याचं ऐकिवात नाही.) १९६८ साली त्या पदार्थाला आयजीई हे नाव मिळालं. आदल्याच वर्षी स्वीडनमधल्या उप्सालाच्या मंडळींनी त्याची चाचणी काढली होती. परागातली प्रथिनं बारीक कणांवर चिकटवायची, त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव सोडायचा आणि कितीसं आयजीई तिथं चिकटलं ते किरणोत्सारी खुणेनं मोजायचं. आता ती खूण गेली, युक्ती तीच आहे. शिंकांची गोळी बंद न करताही ही चाचणी होते, हा मोठा फायदा.

श्रीपूरला आमच्या आत्याचे यजमान अण्णा दर चैत्रात शिंकत आणि आळीनं अंगणातल्या कडुनिंबाला फाशी ठोठावली होती. रक्त पुण्याला गेलं. अहवालात वेडी बाभूळ ठळक आली. कडुनिंब त्या यादीतच नव्हता! डॉक्टर म्हणाले, "रक्त फक्त संशयित सांगतं. आयजीई असूनही न शिंकणारे लोक आहेत. शिंका कधी येतात ते सांगा."

"भाद्रपदातही येतात की," आत्याबाई म्हणाल्या. "तेव्हा कडुनिंबाला मोहर कुठला?"

वेडी बाभूळ मात्र वर्षातून दोनदा फुलते. ही बया मूळची अमेरिका खंडातली. १८७७ च्या सुमारास जमैकाहून तिचं बी आंध्रात आलं, सरपणासाठी म्हणून. आज ओढे, कालव्याचे भराव, पडीक रानं, सगळीकडे तीच. तोडली तर बुडख्यातून दुप्पट फुटते. अण्णा हल्ली तिच्या फुलोऱ्यात तोंडाला उपरणं गुंडाळून मळ्याकडे जातात आणि ओळखीची माणसंसुद्धा त्यांना रामराम घालत नाहीत.