दिनविशेष : ३० ऑगस्ट १९१६ – नकोसा कोठीवाला सुटला

अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर साडेचार महिने अडकलेल्या २२ जणांची चिलीच्या ‘येल्चो’ बोटीने या दिवशी सुटका केली. मदत आणायला गेलेला मोहिमेचा नेता अर्नेस्ट शॅकल्टन चौथ्या प्रयत्नात तिथे पोहोचला होता. सुटलेल्यांत एक होता थॉमस ऑर्ड-लीझ, मोहिमेतला बहुधा सर्वांत नावडता माणूस.

ब्रिटिश नौदलाच्या मरीन दलातला हा अधिकारी मोटार-स्लेजचा तज्ज्ञ म्हणून आला आणि कोठीवाला झाला. त्याच्या घोरण्याने निवारा म्हणून पालथ्या घातलेल्या होड्यांखाली इतरांची झोप उडे. त्यात हा तिरसट, वर अन्न दडवून ठेवणारा. मग कोणाला आवडणार? पण पेंग्विन आणि सीलच्या मांसाचा भरपूर साठा करून ठेवा, असा घोशा त्यानेच लावला होता. सुटका लवकर होईल या भरवशावर असलेल्या, बेटावरच्या तुकडीचा प्रमुख फ्रँक वाइल्डला ते पटेना. पुढे मांसाची चणचण भासली, तेव्हा या कटकट्याचेच खरे निघाले!

पुढे १९१७ मध्ये त्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून पॅराशूटने उडी मारली, जपानी नौदलाला ती विद्या शिकवली. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या करोरी दफनभूमीत त्याला पुरले आहे. शॅकल्टनने ज्याला ध्रुवीय पदक नाकारले, तो मोहिमेतला सुतार मॅकनिश, त्याचीही कबर तिथेच आहे.