मूठ आणि प्रेक्षक

मराठीचा अभ्यासक ‘मानसोल्लासा’कडे वळतो तो बहुधा त्यातील जुन्या मराठी पदांसाठी. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘मल्लविनोद’ही आहे, याकडे आमचे लक्ष बरेच उशिरा गेले. मल्लांची प्रतवारी, आहार, व्यायाम यांची त्यात तपशीलवार नोंद आहे. ‘विनोद’ हा शब्द मात्र सूचक आहे. झुंज मल्लांची, विरंगुळा राजाचा!

सात शतकांनी हेच नाते बडोद्याच्या मराठी दरबारात दिसते. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६४ साली खंडेराव गायकवाडांच्या (कारकीर्द १८५६ ते १८७०) भेटीस आला होता. मुठीला शिंगाची नखे बांधून लढणाऱ्या मल्लांचे त्याने केलेले वर्णन आजही अंगावर काटा आणते. वज्रमुष्टीच्या परंपरेतला हा प्रकार. येथे जखम उघडी होती. रक्त सर्वांना दिसत होते.

पुढे तीनच वर्षांनी, १८६७ मध्ये, इंग्लंडात क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले आणि मुष्टियोद्ध्याच्या हातात हातमोजे आले. खेळ सभ्य झाला असे सर्वांस वाटले. वस्तुतः उघड्या मुठीने कवटीवर प्रहार केला तर मारणाऱ्याचीच हाडे मोडण्याची भीती असते. मोजा ती हाडे सांभाळतो. समोरच्याचा मेंदू नव्हे. १९८५ साली ब्रिटिश मुष्टियोद्धा फ्रँक ब्रुनो याचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला गेला. वेग सेकंदाला ८.९ मीटर, बल ४०९६ न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलोंच्या भाराइतके. हे बल एकट्या दंडाचे नसते. पाय, कंबर, खांदा असा सारा देह शिकवणीने मुठीत उतरतो. डोके झटक्याने वळते, मेंदू मागे राहतो, त्यातील तंतू ताणले जातात. वर्षानुवर्षे असे ठोसे खाल्लेल्यांच्या भ्रमिष्टपणाची वैद्यकीय नोंद अमेरिकेत हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच केली होती.

आमचा बोरिवलीचा एक विद्यार्थी बॉक्सिंग करतो. गेल्या वर्षी त्याची लढत पाहायला आम्ही अंधेरीला गेलो होतो. तो जिंकला, आम्ही उभे राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात उतारा वाचताना तो एकाच ओळीवर तीनदा आला. आम्ही त्याला बसवले, डॉक्टरांकडे जायला सांगितले. चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता.

खंडेरावांना आज दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्यासमोर निदान रक्त तरी सांडत होते. आम्हांला तेही दिसले नाही, आणि टाळ्या तर आम्हीही वाजवल्याच होत्या.