संमोहनाची सत्ता कोणाची?

आपल्या सभांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘धर्माने बहुजनांना संमोहित केले.’ टाळ्या पडतात. उपमा म्हणून वाक्य ठीक आहे. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ते तसेच सोडून देता येत नाही. संमोहन म्हणजे नेमके काय, हे आधी तपासले पाहिजे. नाहीतर आपल्या पूर्वजांवर आपणच एक खोटा आरोप ठेवून मोकळे होऊ.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा वैद्य रोग्यांना ‘भारून’ बरे करीत असे. विश्वात एक सूक्ष्म द्रव वाहतो आणि तो आपल्या हाती आहे, असा त्याचा दावा होता. १७८४ साली राजाने चौकशी मंडळ नेमले. त्यात फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. एक झाड भारण्यात आले आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला भलत्याच झाडांपाशी नेण्यात आले. तो भलत्याच झाडाखाली बेशुद्ध पडला! मंडळाने निष्कर्ष काढला, द्रवबिव काही नाही, ही कल्पनाशक्तीची करामत. पण जी कल्पना धडधाकट पोराला आडवे पाडते ती आहे तरी काय, या प्रश्नाशी मंडळ थांबले.

तो प्रश्न पुढे नेला गोव्याच्या माणसाने. जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजेच अब्बे फारिया, १७५६ साली कांदोळीत जन्मला. घराणे ब्राह्मणांतून ख्रिस्ती झालेले. १८१३ पासून पॅरिसमध्ये तो जाहीर प्रयोग करू लागला. समोरच्याला खुर्चीवर बसवायचे, मन एकाग्र करायला लावायचे आणि ठाम आवाजात सांगायचे, ‘झोपा!’ त्याचे म्हणणे असे की माझ्या हातातून काहीही निघत नाही. जे घडते ते ऐकणाऱ्याच्या मनात घडते. मांत्रिकाची गादीच त्याने काढून घेतली म्हणायची. पॅरिसने त्याची टिंगल केली. १८१९ साली त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी तो दारिद्र्यात मेला. पणजीतला त्याचा पुतळा पर्यटक पाहतात आणि पुढे जातात.

आता बंगालमध्ये येऊ. ४ एप्रिल १८४५ रोजी हुगळीच्या तुरुंगातील इस्पितळात डॉ. जेम्स एस्डेल याने पहिला प्रयोग केला. रोग्याचे नाव माधब काओरा. धंदा डुकरे विकण्याचा, शिक्षा सात वर्षांची, पायांत बेड्या. काओरा ही जात आज पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. अंडवृद्धीवरच्या उपचाराने तो वेदनेने तळमळत होता. एस्डेलने त्याच्यावरून हात फिरवले. माधब इतका निपचित झाला की विस्तवाचा चटकाही त्याला जाणवला नाही. पुढे एस्डेलने याच रीतीने मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या आणि १८४६ साली कलकत्त्यात त्याला इस्पितळ मिळाले. ईथर आणि क्लोरोफॉर्म आले तेव्हा हे सारे मागे पडले. आमच्या वैद्यकशास्त्राचे पुष्कळसे पहिले प्रयोग कोणाच्या देहावर झाले, हे एकदा नीट लिहिले गेले पाहिजे. बेडीतल्या माणसाची संमती कोण विचारतो? आणि फारिया जाऊन पाव शतक लोटले तरी एस्डेल मात्र शक्ती आपल्याच हातातून वाहते असे मानीत होता.

आजचे मानसशास्त्र फारियाच्या बाजूला आहे. संमोहन ही झोप नव्हे. मेंदू जागाच असतो. लक्ष एकाच आवाजावर आकसते, शंका घेणारे मन थोडा वेळ बाजूला सरते आणि सूचनेप्रमाणे शरीराला जाणवू लागते. जखम राहते, तिची कळ दूर जाते. सगळ्यांना हे सारखे जमत नाही, आणि ज्याचे मन राजी नाही त्याला संमोहित करणे फार कठीण.

आमच्या वस्तीत चुलतीच्या अंगात मरीआई यायची. हलगीचा ठेका, उदाचा धूर, भोवतीच्या माणसांची वाट पाहणारी नजर! एरवी सासऱ्यासमोर मान वर न करणारी ही बाई त्या तासाभरात घरातल्या पुरुषांची हजेरी घ्यायची आणि पुरुष तिच्या पाया पडायचे. सकाळी पुन्हा शेण-पाणी. याला नुसते अज्ञान म्हणून हिणवणारे सुशिक्षित मला भेटतात. तिला बोलायला दुसरी जागा कोणती होती, हे ते विचारीत नाहीत. देवीने नव्हे, तिच्याच मनाने तिला वाचा दिली होती. फक्त ती तिच्या नावावर जमा होत नव्हती.

मग जातिव्यवस्था हे संमोहन आहे काय? मला तसे वाटत नाही. शनिवारवाड्यातून राज्य चालत होते तेव्हाच्या जुलमाविषयी मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त लिहिले. तालीमखान्यावरून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू होई, असे ती सांगते. ज्यांना तलवार दाखवावी लागते ते संमोहित नसतात. त्यांना सगळे दिसत असते. जमीन, पाणवठा आणि काठी दुसऱ्याच्या हाती होती म्हणून ते गप्प होते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत अक्षर हाती येताच ती मुलगी जे बोलली, ते काही नव्याने जाग आल्यामुळे नव्हे.

याच शनिवार पेठेत ‘साधना’चे कार्यालय आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर १९९८ पासून त्याचे संपादक होते. अंगात येणे, भूतबाधा, करणी यांच्यामागे मनाचे व्यापार कसे असतात, हे ते गावोगाव सांगत फिरले. अंगात आल्याचे सोंग करून लोकांना भिववणाऱ्याला कायद्याने आवरावे, यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. त्या पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे, ज्यांनी १९०६ साली अस्पृश्यांसाठी मिशन काढले. खुनानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. तिघे निर्दोष सुटले.